ग्रह पाहण्यासाठी भिंगाची दुर्बीण घ्यावी की आरशाची?
गुरू-शनी बघायचे असतील तर आरशाची, १५० मिमी व्यासाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली दुर्बीण) घ्या. त्याच पैशांत भिंगाची दुर्बीण बहुधा ७०-८० मिमीचीच मिळते. ७० मिमीच्या भिंगापेक्षा १५० मिमीचा आरसा साडेचार पट प्रकाश गोळा करतो. हवा स्थिर असेल तर शनीच्या कड्यांमधली कॅसिनी फट त्यातून इतकी रेखीव दिसते की डोळा काढवत नाही! स्वस्त भिंगातून तेजस्वी ग्रहाभोवती जांभळी कड येते, आरशात ती नसते. मात्र बघण्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा, नाहीतर नळीतल्या गरम हवेने ग्रह थरथरतो. आरसे अधूनमधून जुळवावे लागतात. दोन-तीनदा केलं की हात बसतो. गॅलरी फारच चिंचोळी असेल, तरच भिंगाची घ्या. आणि खोक्यावरच्या ‘५०० पट’ मोठं दाखवण्याच्या दाव्याला भुलू नका.