लिफ्ट की एलिव्हेटर?

प्रश्न : मी इंग्रजीत कादंबरी लिहिते आहे. अर्धी कथा सांगलीत घडते, अर्धी न्यू जर्सीत. शब्द ब्रिटिश वळणाचे ठेवू की अमेरिकी?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : स्पेलिंग आणि शब्द हे दोन वेगळे निर्णय आहेत. स्पेलिंग संपूर्ण हस्तलिखितात एकाच पद्धतीचं ठेवा. प्रकाशक भारतीय असेल तर ब्रिटिश, अमेरिकी असेल तर अमेरिकी. शब्द मात्र बोलणाऱ्याच्या तोंडचेच हवेत. सांगलीचे काका 'पेट्रोल' भरतील, सामान 'डिकी'त टाकतील. न्यू जर्सीत वाढलेली पुतणी 'गॅस' आणि 'ट्रंक'च म्हणेल. निवेदन ज्याच्या नजरेतून, त्याचेच शब्द. तिकडे गेल्यावर आठ दिवसांत काकांच्या तोंडी 'एलिव्हेटर' घालू नका, फार खोटं वाटतं.

खरा घोटाळा होतो तो दोन्हीकडे चालणाऱ्या, पण अर्थ बदलणाऱ्या शब्दांत. 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे आपल्याकडे जिना चढून येणारा मजला, अमेरिकेत बहुधा तळमजला. पात्र तिथल्या खिडकीतून उडी मारणार असेल तर प्रसंगच बदलतो! 5/6 ही तारीख आपल्याकडे 5 जून, तिकडे 6 मे. महिना अक्षरी लिहा.

शेवटी वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून प्रूफिंगची, म्हणजे स्पेलिंग तपासण्याची, भाषा एकच ठरवा. 'रिप्लेस ऑल' वापरू नका. 'लिफ्ट' बदलताना 'उचलणे' या अर्थाचं क्रियापदही बदलून जातं. एकेक जागा पाहूनच बदला, आणि ब्रिटनच्या लेबर पार्टीचं स्पेलिंग (Labour) अमेरिकी पद्धतीतही विशेषनाम म्हणून तसंच राहू द्या.