‘मुलाला तर मारत नाहीत ना?’ मी विचारलं.

“मॅडम, ह्याच्या अंगाला ह्याच्या पप्पांनी कधी बोट लावलं नाही बघा. मार मी खाते. लहान पोरगं, त्याला काय कळतंय?”

सांगलीत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच आयांचा ‘त्याला काय कळतंय?’ हाच प्रश्न असतो. या ताई तासगावकडच्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मुलगा चौथीत. शाळेची वेळ झाली की पोट धरून बसायचा, आणि कधीच सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत लागलेली. सोनोग्राफी, लघवीची तपासणी, सगळं नॉर्मल. मग घरात ठरलं, पोरगं नाटकं करतंय.

नाटक नव्हतं. घरात मारहाण होते तेव्हा शरीर सतत सावध राहतं. त्यात मुलांचं पोट खरंच दुखतं, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. बालपणीच्या आघातांवरच्या 1998 च्या गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात ‘आईला होणारी मारहाण’ हा स्वतंत्र आघात म्हणून धरला होता. नुसतं पाहणं, ऐकणंही पुरतं.

आई बाहेर बसल्यावर तो चित्र काढता काढता बोलला. “पप्पा गाडीचं स्टँड कसं लावतात त्यावरनं कळतं. आदळलं की मी बारकीला घेऊन माळ्यावर जातो.” आणि शाळा? “मी घरात असलो की पप्पा कमी मारतात.” म्हणजे नऊ वर्षांचं पोर आईच्या राखणीला बसलेलं! ‘काय कळतंय’ म्हणे.

अशा वेळी नुसत्या मुलाच्या समुपदेशनानं भागत नाही. मार चालूच असेल तर मी त्याला ‘घाबरू नकोस’ कुठल्या तोंडानं सांगू? ‘पोरांसाठी सहन कर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला मनापासून राग येतो. ताईंना मी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर दिला, संरक्षण अधिकाऱ्यांकडे (घरातल्या मारहाणीच्या तक्रारीत मदत करणारे सरकारी अधिकारी) पाठवलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. मुलाला दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या: हे तुझ्यामुळे होत नाही, आणि आईला वाचवणं हे तुझं काम नाही, मोठ्यांना हाक मार, 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लाव.

ताई आता माहेरी आहेत. अंथरूण कोरडं राहतं. वडील भेटायला येणार असले की पोट मात्र आदल्या रात्रीपासूनच दुखतं, म्हणून त्या भेटी सध्या आजोबांच्या समोरच होतात.