आधी पिंपाचं लिही

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या वेबसाइटचे तिन्ही लेख वाचले. पेपरच्या पुरवणीत असताना लागलेली सवय अजून सुटत नाही, त्यामुळे प्रिंट काढून, लाल पेन घेऊनच बसलो. स्पष्ट लिहितोय, राग मानू नकोस.

'स्वप्नांचं शहर' हा लेख काढून टाक. नागपुरात किंवा नाशकात बसून कुणाला लिहिता आलं नसतं, असं त्यात एकही वाक्य नाही. 'मुंबई कधी झोपत नाही' हे तर इतक्या जणांनी लिहिलंय, की ते खरं आहे का हे कुणी बघतही नाही. शेवटची लोकल गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत मोजके तास मिळतात. तेवढ्या वेळात गँगमन रुळांवर उतरतात, खडी सारखी करतात, ओव्हरहेड वायर तपासली जाते. तेवढ्यात काम आटोपत नाही, म्हणून रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे काही तास गाड्या बंद. तुझे मामा रेल्वेत आहेत ना? रात्रपाळीला डबा कितीला उघडतात, एवढं जरी त्यांना विचारलंस तरी या अख्ख्या लेखापेक्षा बरं काहीतरी हाती लागेल.

'यशाची पाच सूत्रं'बद्दल काही लिहीत नाही. तुलाही ते पटलेलं नाही, हे वाचताना कळतं.

आता बीडीडी चाळीचा, म्हणजे तुमच्या जुन्या सरकारी चाळीचा लेख. याच्यासाठी खरं तर हे पत्र. सुरुवातीला तू चार परिच्छेद इतिहास दिला आहेस: १९२० च्या दशकात बांधकाम, एकूण २०७ इमारती, त्यांतल्या १२१ वरळीत, १६० चौरस फुटांची खोली आणि पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट. आकडे बरोबर आहेत, पण हे सगळं पेपरात येऊन गेलंय. दोन ओळींत उरक. मग पार शेवटी, जाता जाता, तू लिहितेस: 'आजीने पाण्याचं पिंप नव्या घरातही आणलं, आता ते बाल्कनीत असतं.' पुढच्या वाक्यात लगेच 'नव्या जीवनशैलीशी जुळवून घेताना' वगैरे. अगं, लेख त्या पिंपाचा आहे! पहिलं वाक्य तेच घे.

आणि मग आजीजवळ बस. पिंप कितीचं, निळं प्लॅस्टिकचं की पत्र्याचं, घेतलं कुठून? चाळीत पाणी कितीला यायचं, भरायला कोण उठायचं? मोरी केवढी होती, पिंप ठेवल्यावर अंघोळीला जागा किती उरायची? शेजारच्यांचं पाणी भरायचं राहिलं तर कोण भरून ठेवायचं? टॉवरच्या लिफ्टमधून ते वर चढवताना कोण काय म्हणालं? आता त्यात पाणी असतं, की तांदूळ, की नुसतंच झाकण लावून ठेवलंय? आईला ते तिथे चालतं का? (माझी खात्री आहे, चालत नसणार. दोघींची बाजू लिही.) तुझ्या मजल्यावरच्या आणखी किती घरांनी पिंपं आणली, तेही दारं वाजवून विचार. एरवी बंद असणारी दारं आहेत, त्या निमित्ताने उघडतील.

'सगळ्यांनी सगळं लिहून झालंय, मी नवीन काय लिहू?' असं तू विचारलं होतंस. नवा विचार सुचायची वाट बघत बसशील तर वेबसाइट रिकामीच राहील. मलाही आयुष्यात दोन-चारच सुचले असतील, तेही बहुधा कुणाचे तरी असावेत. नवीन असते ती माहिती, जी तू पायांनी जाऊन, तोंडाने विचारून आणलेली असते. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' छापलं. त्या काळच्या मुंबईचा शोध घेणारा माणूस आजही ते उघडतो, कारण त्यांनी समोरचं शहर बघून, विचारून नोंदवून ठेवलं. तेव्हा वाचणाऱ्यांना त्यातलं बरंचसं रोजचंच वाटलं असेल. पिंपही आज तुला तसंच वाटतंय.

ऐकलेलं तपासायचं मात्र. आजोबा म्हणाले म्हणून तू 'गिरणी संप गणपतीत सुरू झाला' असं लिहिलंस. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. ती तारीख दुरुस्त कर, पण आजोबांचं वाक्य खोडू नकोस. त्यांना गणपतीच का आठवतो? त्या वर्षी मूर्ती लहान आणली होती का, गावाला जायला पैसे नव्हते का? विचारून बघ. चुकलेल्या आठवणीमागे पुष्कळदा खरी गोष्ट असते, पेपरात न आलेली. जुने संदर्भ हवे असतील तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, तिथे एखादा शनिवार घालव.

'एआयकडून भाषा सुधारून घेऊ का?' म्हणतेस. ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे हवं तर. वाक्यं त्याच्यावर सोपवलीस की आजी पुन्हा 'जीवनशैलीशी जुळवून' घ्यायला लागेल.

बाकी बारीकसारीक. तुझा वाचक लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला, एका हातात मोबाइल. त्याला दोन स्क्रीनभर लांब परिच्छेद देऊ नकोस. 'माझे विचार', 'मनातलं' असली शीर्षकं नकोत. ऑफिसात शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं वेबसाइटवर तसंच चिकटवलंस तर समोरच्याला अगम्य चिन्हं दिसतात आणि शोधूनही ते सापडत नाही, तेव्हा युनिकोडमध्येच टाइप कर. फोटो स्वतः काढलेले घाल. गुगलवर सापडला म्हणून फोटो फुकटचा होत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोही येतो. लेखाखाली तारीख टाक. चाळीतल्या कुणाचं नाव किंवा भानगड लिहिणार असशील तर छापण्याआधी त्यांना वाचून दाखव. तुला त्याच लिफ्टने रोज जायचंय.

'महिन्याला किती लेख टाकू?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. एक टाकलास तरी मला चालेल.

पिंपाचा मजकूर येत्या रविवारपर्यंत पाठव, हजार शब्दांच्या वर नको. आधी कच्ची टिपणंच पाठवलीस तर उत्तम. काय कापायचं ते आपण फोनवर ठरवू. आणि आजीला विचारून पिंपाचा फोटो काढ, बाल्कनीतला, आहे तसाच. आई वर कापड टाकेल, ते टाकू देऊ नकोस.

तुझा,
काका