जॅकवरची गाडी गिअरने थांबत नाही

मागच्या अंकात टायरच्या हवेवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी पंक्चरची. बरं झालं, कारण हवा कमी-जास्त झाल्यानं टायर जातं, पण पंक्चर काढताना माणूस जातो. या वेळी पाच पत्रं घेतलीत, पहिल्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : काका, माझी सहाचाकी गाडी आहे, जुनी. लासलगावहून कांदा भरून वाशीला निघालो होतो, कसाऱ्याच्या अलीकडे मागचं क्लीनर साइडचं बाहेरचं टायर बसलं. जिथं बसलं तिथंच थांबलो. उतार अगदी किरकोळ होता. हँडब्रेक ढिला आहे म्हणून इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये टाकली, जॅक लावला, चाक जमिनीपासून सुटलं न सुटलं तोच गाडी पुढे सरकली आणि जॅक आडवा झाला. क्लीनर दोन फुटांवर होता, वाचला. गिअरमध्ये टाकलेली गाडी हलली कशी? — चालक-मालक, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, आधी क्लीनरला माझ्याकडून एक चहा पाजा.

आता गाडी का हलली ते सांगतो, कारण हे वीस-वीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेल्यांनाही ठाऊक नसतं. गिअरमध्ये टाकल्यावर गाडीला धरून ठेवतं ते इंजिन, आणि इंजिनाची ती पकड प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्यातून) मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये येते, तिथून दोन्ही बाजूच्या चाकांत वाटली जाते. दोन्ही बाजूची चाकं जमिनीवर आहेत तोवर सगळं ठीक. पण एक बाजू उचलली की ते चाक मोकळं झालं, ते हवेत उलटं फिरायला तयार, आणि ते उलटं फिरलं की जमिनीवरचं चाक खुशाल सुलटं फिरतं, इंजिन जागचं हलत नाही तरी गाडी चालायला लागते. कधी गॅरेजमध्ये मागची दोन्ही बाजू घोडीवर (स्टँडवर) असली तर गिअर टाकून एक चाक हाताने फिरवून बघा, दुसरं विरुद्ध दिशेला फिरतं. डिफरन्शियलचं कामच ते आहे, वळणावर त्याशिवाय चालत नाही. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असायचा, त्याचीही हीच गत, तो कितीही टाईट असू दे. नव्या एअरब्रेकच्या गाड्यांत पार्किंगला मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग धरते, ते नक्कीच बरं, पण तिथंही उचललेली बाजू जमिनीला टेकलेली नाही म्हणजे सहाचाकीत धरायला उरली अर्धीच चाकं, तीही भरल्या गाडीला उतारावर.

म्हणून गाडी धरायची ती ठोकळ्यांनी. मागची बाजू उचलायची असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून, आणि उताराच्या अंगाला जरा दाबून. गोल दगड नको, तो चाकाबरोबर गडगडतो. लाकडाचे तिरके कापलेले चार ठोकळे कुठलाही सुतार करून देईल, सीटमागे पडून राहतात. आणि दगड लावलेच तर काम झाल्यावर ते उचलून रस्त्याच्या कडेला फेका, हात जोडून सांगतो. आपण टायर बदलून निघून जातो, अंधारात मागून येणारा मोटारसायकलवाला त्या दगडावर जातो, आणि आपल्याला कधी कळतही नाही.

दुसरं म्हणजे जागा. तुम्ही लिहिलंय "जिथं बसलं तिथंच थांबलो". का? मागे एकेका बाजूला दोन टायरची जोडी असते, त्यातलं एक बसलंय, शेजारचं उभं आहे, हॅझर्ड लावून बैलगाडीच्या चालीनं पुढे सपाट, रुंद, कडक जागा मिळेपर्यंत न्यायची होती. बसलेलं टायर खराब होईल, डिस्कही (टायर ज्यावर बसतं ते लोखंडी चाक) वाकेल कदाचित, तर होऊ द्या. मलाही टायरचा भाव माहीत आहे हो, पण ते टायर असंही गेलेलंच होतं. फक्त लांब जाऊ नका, शेजारच्यावर दुप्पट ओझं येतं, बसलेलं घासून तापतं आणि पेटतंसुद्धा.

आणि जॅक. सहाचाकीच्या मागच्या ॲक्सलवर कायद्याने साडेअकरा टन चालतात, म्हणजे एका बाजूला पावणेसहा टन आले, कांदा एका अंगाला असेल तर आणखी. पाच टनी बाटली जॅकवर हे करणारे लोक मी पाहिलेत. निदान दहा टनी हवा, वीस टनी ठेवला तर जिवाला स्वस्थ. जॅकखाली जाड लाकडी फळी, दगड किंवा वीट नाही, दगडावर जॅकचा तळ सरकतो नाहीतर वीट फुटते. जॅक लावायचा ॲक्सलखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ, मधल्या गोळ्याखाली नाही. नट आधी चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करायचे, उचलल्यावर पाईप टाकून झटके मारले की गाडी जॅकवर डुलते, आणि तुमचा जॅक आडवा व्हायला तेवढंही पुरलं असतं. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली डोकं घालायचं नाही, कुणाची टॉमी (पाना फिरवायची दांडी) आत राहिली असली तरी नाही.

प्रश्न : रिंगवाली डिस्क आहे, ट्यूबवालं १०.००-२० टायर. पंक्चरवाला म्हणतो चाक खोलायच्या आधी सगळी हवा काढ, मालक म्हणतो उगाच वेळ जातो. खरं कुणाचं? — ड्रायव्हर, सोलापूर रोड

उत्तर : पंक्चरवाल्याचं. शंभर टक्के.

ट्रकच्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा असते, म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर ११० पौंड, साधारण ५० किलो. तळहाताएवढी जागा वीस चौरस इंच धरा, त्यावर एक टन झाला. असे किती तळहात त्या टायरच्या अंगात बसतील ते तुम्हीच मोजा. हा सगळा जोर टायरला डिस्कवर धरून ठेवणाऱ्या त्या कापलेल्या लॉक रिंगने अडवून धरलेला असतो, आणि ती गंजलेली, वाकलेली किंवा खाचेत नीट न बसलेली असेल तर नट ढिले करताना किंवा हवा भरताना ती सुटते. सुटते म्हणजे पडत नाही, तोफेसारखी येते. समोर जो असेल त्याचं काही खरं नाही.

जोडीत तर आणखी घोळ असा की नट बाहेरून दिसतात आणि आतल्या चाकाची रिंग कुठल्या अवस्थेत आहे ते दिसतच नाही. म्हणून व्हॉल्व्हची पिन काढून हवा जायचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बारीक तार घालून कचरा अडकलाय का बघा, मग पाना लावा. आतलं काढायचं असेल तर दोन्हींची काढा. त्यानंतरच्या दोन गोष्टी पंक्चरवाल्यालाही सांगा, त्याला राग आला तरी चालेल : हवा भरलेल्या रिंगवर घण मारून ती "बसवायची" नाही, हवा काढून परत बसवायची, आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने, बाजूला उभं राहून भरायचं. रस्त्यावरच्या दुकानात पिंजरा नसतो हे मलाही माहितीये. मग निदान ते चाक साखळदंडाने बांधायला लावा, रिंगेची बाजू जमिनीकडे करायला सांगा आणि तुम्ही तिथं पाहत उभे राहू नका. पंक्चर बघायला माणसं का गोळा होतात हे मला आजवर कळलेलं नाही.

आणखी एक. बसलेल्या अवस्थेत बरंच चाललेलं टायर नुसतं हवा भरून परत चालू करू नका. आतल्या तारा किंवा दोरे तुटलेले असतात आणि बाहेरून ते छान दिसतं. काढून आतून हात फिरवून बघायचं.

प्रश्न : माझे मिस्टर बाराचाकी चालवतात, नागपूर-मुंबई. रात्री फोन येतो, टायर गेलंय, थांबलोय. मला झोप लागत नाही. त्यांच्या गाडीत काय काय असायला पाहिजे ते सांगा, मी स्वतः भरून देते. — एक गृहिणी, वर्धा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. लाकडी ठोकळे चार, जाड फळी एक, दोन चमकणारे त्रिकोण, चमकणारं जॅकेट (क्लीनर असेल तर त्याचंही), डोक्याला बांधायची बॅटरी, हातमोजे, हवेचा गेज. मोजे-गेज महाग नाहीत. त्रिकोण मात्र गाडीच्या बुडाशी लावून उपयोग नाही हे त्यांना नीट सांगा. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर येते, म्हणजे शंभर पावलांवर, म्हणजे सत्तरेक मीटरवर ठेवलेला त्रिकोण दिसल्यावर तिला तीनच सेकंद मिळतात. तेव्हा हायवेवर निदान दीडशे पावलं मागे, वळण किंवा चढ असेल तर त्याच्याही मागे, म्हणजे येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा.

समृद्धीवर किंवा पुणे एक्स्प्रेसवर रस्त्याच्या बाजूचं टायर असेल तर स्वतः बदलायच्या फंदात पडू नका म्हणावं. पाठ रहदारीकडे करून बसावं लागतं आणि मागचा ड्रायव्हर झोपेत आहे की जागा हे आपल्याला कळत नाही. गार्डरेलच्या पलीकडे उभं राहायचं, बोर्डावरच्या हेल्पलाइनला फोन करायचा, त्यांची गाडी मागे उभी राहिली की मग काम. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लागतो, आणि कुठूनही ११२. केबिनमध्ये झोपून वाट बघायची नाही, हे तर नक्कीच सांगा.

प्रश्न : जोडीत दगड अडकला तर ताबडतोब काढायचा की पुढच्या ढाब्यावर? — खानापूर

उत्तर : ताबडतोब, सुरक्षित जागा दिसली की. तो टायर कापतो, आणि उडाला तर मागच्याच्या काचेत जातो. पहारीने काढा, हात घालू नका.

प्रश्न : टायर बदलल्यावर १५ किलोमीटरवर चाक डगमगायला लागलं. नट तर उडी मारून टाईट केले होते! — सांगली

उत्तर : उडी मारूनच घोटाळा झाला असणार. पाईपावर उडी मारली की एखादा स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणला जातो आणि शेजारचा ढिलाच राहतो. आधी हब आणि डिस्कच्या टेकणाऱ्या बाजू तारेच्या ब्रशने साफ करायच्या, मधला चिखल-गंज निघाला नाही तर तो चालताना दबतो आणि नट आपोआप ढिले होतात. मग नट हाताने फिरवायचे, आणि एक वरचा की लगेच समोरचा खालचा, असं समोरासमोर टाईट करत जायचं, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटचं टाईट चाक जमिनीला टेकवून. दहा नटांच्या बऱ्याच गाड्यांना ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. अंदाज म्हणाल तर साठ किलोच्या माणसाने एक मीटरच्या पाईपाच्या टोकावर सावकाश, न झटकता वजन टाकलं की जवळपास तेवढं होतं. आणि जुनी गाडी असेल तर डाव्या बाजूला उलटे आटे असू शकतात, सोडायला जाता तेव्हा आवळत असता आणि स्टड तुटतो, तेव्हा आधी स्टडच्या टोकावर काय कोरलंय ते पुसून बघा.

मग ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर थांबून परत एकदा पाना लावायचा. तुमचं चाक डगमगलंय म्हणजे डिस्कची भोकं लांबट झालीत का तेही बघा, झाली असतील तर ती डिस्क भंगारात.