पर्ड्यूकडे 7 फूट 4 इंची झॅक एडी असूनही ते सोळाव्या सीडकडून कसे हरले? एडी ओव्हररेटेड होता का?

तुम्हाला काय हवंय ते कळलं मला. मुलाला यंदा अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालंय, तिकडे जो तो बास्केटबॉलबद्दल बोलतो, तेव्हा ही टीम नक्की कशी खेळते, हंगामभर जिंकून मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत का आपटते आणि पोराने सीझन तिकिटात पैसे घालावेत का. साधा प्रश्न आहे. पण मधेच तुम्ही "एडी ओव्हररेटेड होता का?" असं लिहून गेलात आणि मी गॅसवरचा कुकर उतरवून लिहायला बसले.

नव्हता. पोरगा टोरंटोचा, आधी बेसबॉल आणि आइस हॉकी खेळणारा, बास्केटबॉल हातात घेतला तोच दहावीच्या आसपास. त्याने दोन वर्षं लागोपाठ देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब घेतला. राल्फ सॅम्पसननंतर हे कुणाला जमलं नव्हतं. याला ओव्हररेटेड म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आता त्या मॅचचं. 17 मार्च 2023, शुक्रवार. मी तेव्हा तिथेच एमएसच्या शेवटच्या सेमिस्टरला होते. आम्ही पाच जणी आणि एक लॅपटॉप, समोर मॅगी. पर्ड्यू पहिलं सीड (म्हणजे गटातलं सगळ्यात वरचं मानांकन, सोळावं सगळ्यात खालचं), बिग टेन ही त्यांची लीग आणि तिची टूर्नामेंट दोन्ही जिंकून आलेली. समोर न्यू जर्सीची फेअरली डिकिन्सन. आदल्याच वर्षी त्यांचं रेकॉर्ड होतं 4 विजय आणि 22 पराभव. नवा कोच टोबिन अँडरसन आपल्या जुन्या डिव्हिजन टू (म्हणजे खालच्या श्रेणीतल्या) कॉलेजातली तीन पोरं घेऊन आला होता. सरासरी उंचीत डिव्हिजन वनच्या 363 टीममध्ये त्यांचा नंबर शेवटचा. त्यांचा एक गार्ड 5 फूट 8 इंचांचा. माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, हा आपल्या वाण्याच्या दुकानातला पोरगा वाटतो."

मला मात्र पहिल्या पाच मिनिटांतच पोटात गोळा आला. कारण ते काय करताहेत हे मला दिसलं, आणि ते मी स्वतः अंगावर घेतलेलं होतं.

एडीच्या पुढे एक माणूस, मागे एक. पुढचा त्याच्या आणि बॉलच्या मधे उभा. शिवाय बॉल वर आणणाऱ्या गार्डला पूर्ण कोर्टभर चिकटायचं, म्हणजे त्याला मान वर करून आत बघायलाच मिळू नये. पर्ड्यूचे दोन्ही गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे. बाहेर त्यांचे लोक मोकळे सोडलेले, मारा म्हणावं थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटांचा शॉट. पर्ड्यूने 26 थ्री मारले, गेले 5. सोळा टर्नओव्हर, म्हणजे सोळा वेळा बॉल हातचा घालवला. स्कोअर 63-58. एडीचे 21 पॉइंट आणि 15 रिबाउंड, पण शेवटच्या जवळजवळ नऊ मिनिटांत त्याने एकही शॉट घेतला नाही. घेतला नाही की त्याच्यापर्यंत बॉल पोचला नाही? इथेच लोक गल्लत करतात.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून खेळायचे. गार्ड. उंची 5 फूट 1 इंच, त्यामुळे दुसरं काही होण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या टीममध्ये एक मुलगी होती, 5 फूट 11. आम्ही तिला पिव्हट म्हणायचो, बाकी सगळं कॉलेज जिराफ म्हणायचं. आमचा सगळा खेळ म्हणजे बॉल आत द्यायचा आणि तिने वळून बोर्डवर ठेवायचा. झोनलला आम्ही सगळ्यांना धुतलं. सर खुशीत. इंटरझोनलच्या सेमीफायनलला समोर आली एक टीम, सगळ्या माझ्याएवढ्या. आम्ही वॉर्मअपलाच हसलो होतो.

सिमेंटचं कोर्ट, दुपारचे दोन, चुन्याच्या रेषा बुटांनी अर्ध्या पुसलेल्या. त्यांनी आमच्या पिव्हटच्या पुढे एक उभी केली, मागे एक. तिसरी माझ्या पोटाला चिकटलेली. तिचा हात माझ्या तोंडासमोर पंख्यासारखा फिरत होता. अशा वेळी आत बॉल द्यायचा एकच मार्ग असतो: पुढच्या मुलीच्या डोक्यावरून, मागच्या मुलीच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवरून, आणि पिव्हटच्या बोर्डकडच्या हाताला. उंच, मऊ, नेमका लॉब. टीव्हीवर सोपा दिसतो. माझ्या शेजारी रेफरी हात हलवत सेकंद मोजतोय, पाच झाले की बॉल गेला. मी पहिला लॉब टाकला, आखूड पडला, त्यांनी पळवून लेअप मारला. दुसरा टाकला, बोर्डच्या मागे गेला. सर साइडलाइनवरून माझ्या नावाने ओरडले. त्यानंतर मी बॉल आत दिलाच नाही. खरंच नाही दिला. आडवा द्यायचे, मुकाट्याने. कुणीतरी बाहेरून मारायची, रिंगला लागून बॉल बाहेर. आणि ती आत हात वर करून उभी. एकदा तिने माझ्याकडे बघून नुसती बोटं हलवली, दे म्हणून. मी तोंड फिरवलं.

नऊ पॉइंटनी हरलो. परतीच्या गाडीत सरांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "देवानं एवढी उंची दिली, तिचा उपयोग काय?" ती किटबॅग मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या मागच्या सीटवर वडापाव खात होते. "सर, बॉल मीच दिला नाही", हे एक वाक्य बोलायचं होतं मला. बोलले नाही. पुढच्या वर्षी ती ट्रायलला आली नाही.

म्हणून त्या शुक्रवारी शॉन मूरचा शेवटच्या मिनिटाच्या तोंडावरचा थ्री आत गेला, स्कोअर 61-56 झाला, आणि खोलीतल्या सगळ्या जणी "एवढा उंच असून काय उपयोग" म्हणायला लागल्या, तेव्हा मी उठून बाथरूममध्ये गेले.

त्यातून माझा तेव्हाचा होणारा नवरा एडिसनला, न्यू जर्सीत. त्याने लगेच मेसेज टाकला, "आमच्या गावचं कॉलेज!" त्याला त्या दिवसापर्यंत ते कॉलेज कुठे आहे हेही माहीत नव्हतं. बरं, 2022 ला पर्ड्यूला हरवणारं सेंट पीटर्ससुद्धा न्यू जर्सीचंच, पंधरावं सीड, 67-64. त्यामुळे लग्नाच्या आधीपासून मी हे ऐकतेय. त्याचं म्हणणं एकच: एका उंच माणसाभोवती टीम बांधणं हा जुना खेळ आहे, आता थ्रीचा जमाना आहे, पर्ड्यूचा कोच मॅट पेंटर हॅमन्स, हास, हार्म्स, एडी असे एकामागून एक सात फुटी गोळा करतो आणि म्हणून मार्चमध्ये मरतो.

हे चूक आहे, आणि का चूक आहे ते नीट सांगते, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

पुढच्या हंगामात पेंटरने काय बदललं? उंच माणूस काढला? अजिबात नाही. एडी तोच, स्मिथ आणि लॉयर तेच. सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स आणला, म्हणजे बॉल वर आणायला आणि प्रेस (ते पूर्ण कोर्टभर चिकटणं) फोडायला तिसरा माणूस. स्मिथ एका उन्हाळ्यात मोठा झाला, मॅचला सरासरी साडेसात असिस्ट (ज्यावर बास्केट होते असे पास) द्यायला लागला. बाहेरचे थ्री जवळपास 40 टक्के जायला लागले. एवढंच. तीच टीम 34 जिंकून 5 हरली. ग्रॅम्बलिंगला 78-50, युटा स्टेटला 106-67, मग गॉन्झागा. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध एडीचे 40 पॉइंट आणि 16 रिबाउंड, आणि 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार टीममध्ये. म्हणजे दुखणं उंचीचं नव्हतंच. उंचीपर्यंत बॉल नेणाऱ्या हातांचं होतं.

नवरा म्हणतो, मग फायनल का हरले? हरले, यूकॉनकडून, 75-60. पण कसे ते बघा. यूकॉनने फेअरली डिकिन्सनच्या बरोबर उलटं केलं. एडीवर एकटा डोनोव्हन क्लिंगन सोडला, डबल जवळजवळ नाहीच, आणि बाकीचे चार जण शूटरला गोचिडासारखे चिकटून. एडीने 37 मारले. आणि हंगामभर मॅचला वीसेक थ्री मारणाऱ्या पर्ड्यूला अख्ख्या फायनलमध्ये मिळाले 7, गेला 1.

म्हणजे 2023 ला एडीला कोंडलं आणि बाकीच्यांना 26 मोकळे शॉट दिले, पर्ड्यू हरली. 2024 ला एडीला मोकळा सोडला आणि बाकीच्यांना कोंडलं, पर्ड्यू हरली. दोन्ही वेळा बोट कुणाकडे? एडीकडे. पहिल्या वेळी "काहीच केलं नाही", दुसऱ्या वेळी "सगळं एकट्यानेच केलं". उंच माणसाच्या नशिबी हेच. तो लपू शकत नाही ना कुठे. माझ्यासारखी गार्ड आडवा पास देऊन गर्दीत मिसळून जाते.

मार्चचं म्हणाल तर ते फेब्रुवारीतच दिसत होतं. 2022-23 ला 22-1 असं रेकॉर्ड होतं, त्यापुढच्या सहापैकी चार हरले, त्यातल्या दोन इंडियानाकडून. (पोराला सांगा, तिकडे इंडियाना युनिव्हर्सिटीचा लाल टीशर्ट चुकूनही घालू नकोस.) फ्रेशमन गार्डना चिकटा आणि एडीला बॉल पोचू देऊ नका, हे लीगमधल्या लोकांना कळलेलं होतं. लीगमध्ये पुढच्या आठवड्यात दुरुस्ती करता येते. मार्चमध्ये एक हरलात की बॅगा भरायच्या. यापलीकडे मार्चचं काही गूढ नाही. व्हर्जिनिया 2018 ला पहिलं सीड असून यूएमबीसीकडून 20 पॉइंटनी हरली आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन झाली. त्या वाटेत तिने पर्ड्यूलाच ओव्हरटाइममध्ये हरवलं होतं, कार्सन एडवर्ड्सने 42 मारूनसुद्धा. ती मॅच बघू नका, उगाच झोप जाईल.

एडी एनबीएत गेल्यावरच्या 2024-25 च्या हंगामाचं थोडक्यात: 24-12. स्मिथ बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू, आत ट्रे कॉफमन-रेन सरासरी वीस मारणारा. मार्चमध्ये ह्यूस्टनकडून 62-60 असे हरले. सेकंदभरापेक्षा कमी वेळ उरला असताना. त्यांच्या माइलोस उझानने बाहेरून बॉल आत टाकला, लगेच पासवर परत घेतला आणि लेअप. पुन्हा पासच. सात फुटी माणसाचा संबंध नाही. हे मी नवऱ्याला त्याच रात्री दाखवलं, तो म्हणाला झोप.

आता थोडं मागे येते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. एडी डिफेन्सला बाहेर यायचा नाही. स्क्रीन लागला (समोरच्यांनी आपल्या गार्डची वाट मोकळी करायला एक माणूस आडवा उभा केला) की तो आत मागे सरकून उभा, त्यामुळे चपळ गार्डना मधल्या जागेत मोकळं मिळायचं, आणि फेअरली डिकिन्सनच्या पोरांनी ते ओरबाडून घेतलं. त्यात त्याचा काही वाटा आहेच. पेंटरनेही त्या दिवशी त्याला बास्केटजवळून काढून वर हाय पोस्टला, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेपाशी आणून बॉल द्यायला हवा होता, असं माझं मत. बाकी मी गार्डच्या डोळ्यांनी बघते, कोचचे डोळे नाहीत मला.

पोराला कशाकडे बघ म्हणून सांगाल? बॉलकडे बघू नकोस. आतला उंच माणूस हात वर करून उभा राहतो, तिथून गार्डपर्यंत नजर ने, आणि मोज. एक, दोन, तीनच्या आत पास गेला तर पर्ड्यू जिंकतेय. चार झाले तर नाही. आणि तो तिकडे एखाद्या टीमबिमध्ये खेळणार असेल, इंट्राम्युरल तरी खेळतीलच ही पोरं, तर त्याला सांगा, दोन लॉब फुकट गेले तरी तिसरा टाक. कोच ओरडू दे.

तिकिटाचं राहिलंच. घ्या. विद्यार्थ्यांचा पेंट क्रू म्हणून स्टँड आहे मॅकी अरेनात, अख्खी मॅच उभं राहायचं. चौदा हजारांवर माणसं आणि घुमटाखाली आवाज असा कोंडतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही. थर्मल इथूनच घेऊन द्या, अरेनाच्या बाहेर रांगेत जानेवारीत पाय बधिर होतात.

त्या मुलीला मी 2024 च्या फायनलनंतर मेसेज केला होता, इतक्या वर्षांनी. एडीचा हात वर केलेला फोटो आणि खाली, "त्या सेमीफायनलला मी बॉल दिला नव्हता." दोन निळ्या टिका आल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "माहितीय. उंच होते, वरून सगळं दिसत होतं."