हार्टची डॉक्टर व्हायचंय म्हणालीस ना, मग हे वाच

अगं,

तुझे तिन्ही प्रश्न वाचले. किती वर्षं लागतात, मुलींना जमतं का, आणि बायपास तुम्हीच करता ना. शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण तिथे भल्याभल्या शिकलेल्या घरांत घोळ असतो. नाही, बायपास मी करत नाही. छाती उघडून ऑपरेशन करतात ते कार्डिअ‍ॅक सर्जन. त्यांचा रस्ता वेगळा, एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीत एमएस आणि मग एमसीएच. मी कार्डिऑलॉजिस्ट, म्हणजे मूळची मेडिसिनची माणूस, पुढे हृदयाकडे वळलेली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघायचा, पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट करायची, मनगटातून बारीक नळी घालून अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा फोटो, करायची, गरज असेल तर स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकायचा, पेसमेकर बसवायचा, बीपी आणि हार्ट फेल्युअरची औषधं महिनोन्‌महिने जुळवत बसायचं, हे सगळं माझं काम. आणि या सगळ्याच्या आधी पेशंट काय सांगतोय ते नीट ऐकायचं. माझं ठाम मत आहे की या शेवटच्या गोष्टीची ज्याला आवड नाही त्याने या लाइनला येऊ नये, हात कितीही चांगला असला तरी.

का ते सांगते. छातीत दुखतंय म्हणून ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच लोकांना हार्टचं काहीच नसतं, आणि ज्यांना असतं ते कित्येकदा "दुखतंय" म्हणतच नाहीत. दडपण आल्यासारखं वाटतं, आवळल्यासारखं होतं, गॅस वर चढलाय, असं म्हणतात आणि मूठ छातीच्या मधोमध ठेवून दाखवतात. एका बोटाने नेमका ठिपका दाखवणाऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा हार्टचं निघत नाही. मग मी विचारते, ठाणे स्टेशनचा जिना चढताना होतं का, वर जाऊन दोन मिनिटं थांबलं की जातं का, जेवून लगेच चालायला लागलं की लवकर येतं का. डायबेटिसवाल्या बायका तर छातीचं नावच काढत नाहीत, नुसतं "दम लागतो हो आणि घाम फुटतो" एवढंच, आणि घरचे म्हणतात वय झालं आता. आणि आराम करताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं अजिबात नसतं, जिना चढताना आवळणारी छाती पलंगावर पडल्यावर ईसीजीत काहीच दाखवत नाही असं नेहमी होतं. म्हणून आधी ते ऐकायचं, मशीन नंतर.

अजून एक सांगते, यात सगळं आलं. शहापूर-मुरबाडकडून अशा मुली आजही येतात. बावीस-तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, सहावा महिना. चालताना धाप लागते, रात्री आडवं पडलं की खोकला येतो म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते, आणि सासू म्हणते पोटुशी बाईला दम लागतोच. तिला डाव्या कुशीवर वळवायचं, पंखा बंद करायचा, स्टेथोस्कोपची ती छोटी बाजू असते ना, बेल म्हणतो आम्ही, ती हृदयाच्या टोकावर अलगद ठेवायची, दाबायची नाही, आणि थांबायचं. पहिल्यांदा काहीच कळत नाही. मग दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत एक खूप खालच्या पट्टीतली घरघर ऐकू यायला लागते, आणि एकदा कानाला सापडली की मग सुटत नाही. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आकसणं. लहानपणी घसा सुजला, सांधे धरले, कोणी मनावर घेतलं नाही, त्या स्ट्रेप्टोकोकसच्या इन्फेक्शननंतर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच झडपेवर उलटली आणि झडप वर्षानुवर्षं आकसत गेली. तोवर भागत होतं, पण गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्के वाढतं, ते अरुंद झडपेतून पुढे जाईना, मागे फुप्फुसात तुंबलं, म्हणून खोकला.

आता हे "होतंच असं" म्हणून सोडून दिलं असतं तर बाळंतपणात ती जाऊही शकली असती. झडप फारच आकसली असेल आणि औषधांनी भागत नसेल तर मांडीच्या शिरेतून फुगा वर नेऊन ती उघडता येते, पोटाला शिशाचं आवरण गुंडाळून, बाळ पोटात असतानाच. फुगा फुगतो, उतरतो, आणि डाव्या वरच्या कप्प्यातलं प्रेशर मॉनिटरवर तिथल्या तिथे पडताना दिसतं. त्यानंतर, घशाचं ते इन्फेक्शन पुन्हा होऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, कित्येक वर्षं, आणि ते इंजेक्शन भयंकर दुखतं. बाळ झालं, शेतीची कामं सुरू झाली, एसटी चुकली तरी तिने ते चुकवू नये म्हणून तिला, तिच्या नवऱ्याला आणि त्या सासूला समजावणं हेही हार्टच्या डॉक्टरचंच काम. आणि खरं सांगू, फुगा फुगवण्यापेक्षा ते अवघड आहे.

तुझ्या डोक्यात जे चित्र आहे ते हार्ट अटॅकचं, ते माहितीये मला. तर तेही सांगते. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात एक ट्रक आडवा झाला की मागे काय होतं तू बघितलंयस, दुसरा रस्ताच नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त नेणाऱ्या धमन्या अशाच, त्यातली समोरची मोठी धमनी गुठळी होऊन अचानक बंद पडली की पुढचा स्नायू मरायला लागतो, आणि अर्ध्या तासापासूनच मरायला लागतो. पेशंट दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी आणि नव्वद मिनिटांच्या आत धमनी उघडलेली, असा नियम आहे जगभर. रात्री तीनला फोन येतो, आपण पोचेपर्यंत अ‍ॅस्पिरिन चावायला दिलेली असते, कॅथलॅब, म्हणजे एक्सरेत बघत नळी घालायची आमची खोली, सुरू झालेली असते. पाच-सहा किलोचा शिशाचा एप्रन चढवायचा, मनगटाच्या धमनीतून नळी वर महाधमनीपर्यंत, डाय, म्हणजे एक्सरेत दिसणारं औषध, सोडलं की पडद्यावर धमनी मधेच तुटल्यासारखी दिसते. मग केसासारखी तार, 0.014 इंचाची, त्या गुठळीतून पलीकडे सरकवायची. जोर लावायचा नाही, बोटांना जाणवेल तशी फिरवत न्यायची. मग फुगा, मग स्टेंट, साधारण तीन मिलिमीटरचा, आणि धमनी पुन्हा टोकापर्यंत भरलेली दिसते. त्या क्षणी ठोके वेडेवाकडे पडू शकतात म्हणून सगळ्यांची नजर मॉनिटरवर. थोड्या वेळाने तोच माणूस, जागाच असतो तो, विचारतो "झालं का डॉक्टर?" हे काम मला मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू.

हे सगळं कसं सुरू झालं तेही वाच कधीतरी. 1929 मध्ये जर्मनीत वर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयाकडे ढकलली आणि तसाच जिना उतरून एक्सरे काढायला गेला. त्याला लोकांनी वेड्यात काढलं, आणि 1956 मध्ये नोबेल दिलं. 1977 मध्ये झुरिकला आंद्रेयास ग्रुन्त्सिगने जाग्या पेशंटच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. म्हणजे आपल्या हातातली ही विद्या अजून पन्नाशीची आहे, तुझ्या काळात ती कुठे जाईल सांगता येत नाही.

पण स्टेंट कधी टाकायचा नाही हे कळायला जास्त वर्षं लागतात. अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. पण जिना चढताना थोडं आवळतं, औषधांनी बरं वाटतंय, अशा स्थिर पेशंटचं काय? 2007 च्या करेज ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवरच्या मोठ्या अभ्यासात, आणि 2020 मध्ये छापून आलेल्या इस्केमिया ट्रायलमध्ये, जी 37 देशांत पाच हजारांवर पेशंटवर झाली, असं दिसलं की चांगली औषधं नीट घेणाऱ्या अशा पेशंटमध्ये सरसकट स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू काही कमी होत नाहीत, त्रास मात्र कमी होऊ शकतो. आता समोर घाबरलेलं कुटुंब बसलंय, रिपोर्टवर "80 टक्के ब्लॉक" लिहिलंय, मुलगा म्हणतोय पैशांची काळजी करू नका पण करून टाका. तेव्हा शांतपणे, वेळ देऊन, सध्या गरज नाही हे पटवून सांगायला जे लागतं ते नुसत्या पुस्तकात मिळत नाही. त्यासाठी आकडे पाठ पाहिजेत, आणि समोरच्याला आपल्यावर विश्वास बसेल असं वागणं रोजचं पाहिजे.

आता वर्षं मोज. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं एमडी मेडिसिन, तीन वर्षं डीएम कार्डिऑलॉजी. साडेअकरा. एमडी पेडियाट्रिक्स, म्हणजे बालरोग, करूनही डीएमला जाता येतं, किंवा डीएमऐवजी डीआरएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी, तेही तीन वर्षं. प्रत्येक पायरीला परीक्षा, आधी एमबीबीएसला नीट, मग एमडीला नीट पीजी, मग डीएमला नीट एसएस, एम्ससारख्या संस्थांची वेगळी. मधले तयारीचे महिने आणि सरकारी कॉलेजचा बाँड, म्हणजे शिकून झाल्यावरची सक्तीची सरकारी नोकरी, धरला तर तिशी ओलांडते. तुझ्या मैत्रिणी तोवर ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नोकरी करून फ्लॅटचे हप्ते भरत असतील आणि तू स्टायपेंडवर नाइट ड्यूटी करत असशील, याचा घरात बसून आत्ताच विचार कर, नंतर मन खाईल असं नको.

पैशांचं स्पष्ट बोलते कारण तुझ्या घरी कोणी बोलणार नाही. सरकारी किंवा महापालिकेचं कॉलेज मिळवायचा जीव तोडून प्रयत्न कर. कळव्याचं राजीव गांधी कॉलेज आपल्या ठाणे महापालिकेचं, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे. तिथे पेशंट इतके आणि इतके वेगवेगळे बघायला मिळतात की हात आणि कान दोन्ही तयार होतात. नेरूळ, कामोठ्याची डीम्ड, म्हणजे खाजगी अभिमत विद्यापीठांची, कॉलेजंही चांगली आहेत पण फी वर्षाला वीस लाखांच्या वर जाते, वडिलांना कर्जात घालून ते करू नकोस. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना राज्य सरकारने ट्यूशन फी माफ केलीये, डीम्डला ते लागू नाही. राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका नीट वाच आणि दाखले आत्तापासून काढून ठेव. आणि नीटला मार्क नाही पडले तर हृदयाचं काम संपलं असं समजू नकोस. कॅथलॅब टेक्निशियन, इको टेक्निशियन, बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट, यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही आणि ते कोर्स बारावी सायन्सनंतर करता येतात.

फिजिक्स आवडत नाही म्हणालीस. अगं, इकोच्या खोलीत मी दिवसभर बर्नुलीचा, म्हणजे वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब जोडणारा, नियमच वापरते! आकसलेल्या झडपेतून रक्त किती वेगाने उडतंय ते इकोतला डॉपलर सांगतो, त्या वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं, की झडपेच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक मिळतो. वेग सेकंदाला चार मीटर असेल तर 64, बीपी मोजतो त्याच एककात. महाधमनीची झडप बदलायची वेळ आली का हे ठरवताना हा आकडा लागतो. तेव्हा तो धडा ऑप्शनला टाकू नकोस. बायोलॉजीला 720 पैकी 360 मार्क आहेत हे खरं, पण सीट जाते ती बहुतेकांची फिजिक्समध्ये.

राहिलं मुलींचं. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती, 1954 च्या सुमारास दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात त्यांनी हृदयरोगाचं क्लिनिक उभं केलं, आणि वर त्या शहापूरच्या मुलीचा जो आजार सांगितला ना, तो आपल्याकडे किती पसरलाय यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. 1992 ला पद्मविभूषण. 2020 मध्ये, 103 व्या वर्षी गेल्या. तेव्हा जमतं का हा प्रश्न संपलाच. अडचणी आहेत त्या वेगळ्या. रेडिएशन आहे, म्हणून प्रत्येकीला ते मोजणारा बॅज मिळतो आणि त्याची नोंद ठेवली जाते, आणि दिवस गेले की तेव्हा कॅथलॅबबाहेरचं काम मागून घ्यायचं, त्यात लाजायचं काही नाही. एप्रनने पाठ धरते, तेव्हा व्यायाम आत्तापासून. रात्रीचे कॉल आहेत. आणि पेशंटचे नातेवाईक मला "सिस्टर, डॉक्टर कधी येणार" असं अजूनही विचारतात, तेव्हा शांतपणे सांगायचं मीच डॉक्टर आणि कामाला लागायचं. हे नको असेल तरी इको, हार्ट फेल्युअर, लहान मुलांचं हृदय, असं बरंच काही आहे ज्यात रात्रीची धावपळ त्या मानाने कमी. खारघरला सत्यसाई संजीवनीमध्ये जन्मतःच हृदयात दोष असलेल्या मुलांवर पूर्ण मोफत उपचार होतात, पुढे मेडिकलला गेलीस की तिथलं काम एकदा बघ.

सध्या एवढंच कर. एनसीईआरटी ओळ न्‌ ओळ. सीपीआर शिकून घे, दोन-तीन तासांचं ट्रेनिंग असतं, आणि छातीत आवळून घाम फुटलाय असं घरात कुणाला झालं तर इनो देऊन सकाळची वाट बघायची नाही, 108 लावायचा हे आजीसकट सगळ्यांना सांगून ठेव. नीट झाली की मला फोन कर. इकोच्या खोलीत एक सकाळ बसवते तुला, पेशंटला विचारून, आणि स्टेथोस्कोप तुझ्याच कानात देईन. बाबांचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलचा, रिपोर्टही तेव्हाच घेऊन ये, दोन वेळा सांगून झालंय त्यांना.

तुझी,
डॉक्टर मावशी