वाचकांचे प्रश्न: गोल्फ पण हवं, बीच पण हवा, मग कॅरिबियनमधलं कुठलं बेट घेऊ?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मार्चअखेरीला मुलांच्या सुट्टीत सहा-सात दिवस कॅरिबियनला जायचं चाललंय. मिस्टरांना गोल्फचं वेड, हँडिकॅप १६ (म्हणजे बरा हौशी खेळाडू), आणि ते डॉमिनिकन रिपब्लिकवर अडून बसलेत. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ ची, तिला अजून नीट पोहता येत नाही. सासू-सासरे पुण्याहून आलेत, त्यांचा भारतीय पासपोर्ट आणि दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा, आमचं ग्रीन कार्ड. सासूबाई पूर्ण शाकाहारी, गुडघ्यांचा त्रास. सासरे मासे आवडीने खातात आणि क्रिकेट हा जीव की प्राण. इतके फोटो बघितले की आता सगळी बेटं सारखीच दिसायला लागलीत. कुठलं घेऊ?

उत्तर: तुमचं पत्र वाचलं आणि थेट आमची पहिली ट्रिप आठवली. आम्ही गोल्फ कोर्सचा फोटो बघून बेट ठरवलं होतं, कोर्स होताही अप्रतिम, पण रिसॉर्टपासून बीच लांब, शटल तासाला एक, आणि मी दोन लहान मुलं, छत्री, पाण्याच्या बाटल्या घेऊन रोज सकाळी त्या शटलची वाट बघत उन्हात उभी. नवरा एक वाजता खेळून परत यायचा तोपर्यंत मुलं रडून झोपलेली असायची. तेव्हापासून कोणीही विचारलं की मी सांगते, सगळ्यात चांगला कोर्स कुठे आहे हे नंतर बघा, आधी हे बघा की एक माणूस सकाळी सातला खेळायला गेला की उरलेले पाच जण दुपारी एकपर्यंत काय करणार. अठरा होलला चार-साडेचार तास, त्यात जाणं-येणं, आंघोळ, म्हणजे अख्खी सकाळ गेली. तुमच्याकडे पाच माणसं न खेळणारी आहेत, ट्रिप त्यांची आहे.

तर माझं उत्तर बार्बाडोस, आणि त्यातही पश्चिम किनारा, होलटाउनच्या आसपास, सेंट जेम्स परगण्यात.

पहिलं कारण समुद्र. बार्बाडोसच्या पूर्वेला अटलांटिक आहे, तिकडे बाथशेबाला लाटा बघायला जरूर जा पण पाण्यात पाय घालू नका, ओढ फार आहे. पश्चिमेला मात्र कॅरिबियन समुद्र, मार्चमध्ये बहुतेक दिवस तळ्यासारखा शांत, सहा वर्षांची मुलगी गुडघाभर पाण्यात बसून तास घालवेल. पेन्स बे भागात समुद्री कासवं दिसतात, अकरा वर्षांच्या मुलाला मास्क लावून बोटीवरून नेलंत तर तो घरी येऊन महिनाभर तेच सांगत बसेल. आणि सरगॅसम नावाचं जे तपकिरी शेवाळ हल्ली अटलांटिकमधून वाहत येतं आणि कुजलं की अंड्यासारखा वास मारतं, ते साधारण मार्च-एप्रिलपासून वाढायला लागतं आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर जास्त साचतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाचे बीच नेमके पूर्वेकडे. दर वर्षी सारखं नसतं, पण पश्चिम किनारा घेतला की ती काळजी बरीच कमी होते.

दुसरं कारण पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही, त्यामुळे सासू-सासऱ्यांचं काम सोपं. (डॉमिनिकन रिपब्लिकलाही अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलं की वेगळा व्हिसा नको, ऑनलाइन 'ई-तिकीट' नावाचा प्रवेशाचा फॉर्म मात्र भरावा लागतो.) तिकीट काढायच्या आधी नियम एकदा त्यांच्या सरकारी साइटवर बघाच. आणि एक महत्त्वाचं, बरेच जण समजतात की कॅरिबियनला जाऊन आलं की आईबाबांना परत नवे सहा महिने मिळतात. जवळच्या बेटांवर थोड्या दिवसांसाठी जाऊन आल्यावर अधिकारी जुनीच तारीख कायम ठेवू शकतो. परत आल्या आल्या दोघांचं आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) ऑनलाइन काढून तारीख वाचा, गृहीत धरू नका.

आता गोल्फ, म्हणजे मिस्टरांनाही पटायला हवं ना. बार्बाडोसला सँडी लेनचे तीन कोर्स आहेत. त्यातला ग्रीन मंकी टॉम फाझिओ या कोर्स आखणाऱ्याने जुन्या दगडाच्या खाणीत बांधलाय, पण तिथे हॉटेलच्या पाहुण्यांशिवाय कोणाला खेळू देत नाहीत आणि त्या हॉटेलचे दर ऐकून मी तरी फोन ठेवला होता. त्याच्याच शेजारचा कंट्री क्लब कोर्सही फाझिओचाच आणि तिथे बाहेरच्यांना खेळता येतं, महाग आहे, एक दिवस करा. रॉयल वेस्टमोरलंड रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियरचा, टेकडीवर, तिथे बाहेरच्यांना वेळ मिळेल का ते आधी मेल करून विचारा. आणि दक्षिणेला ड्युरंट्सला बार्बाडोस गोल्फ क्लब आहे, सगळ्यांसाठी खुला, खिशाला परवडणारा, हँडिकॅप १६ च्या माणसाला मनापासून मजा येईल असा, माझा स्वतःचा आवडता हाच. वारा पूर्वेकडून सतत असतो त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने मारून भागत नाही, सकाळी लवकरची वेळ घेतली तर वारा आणि ऊन दोन्ही कमी. सात दिवसांत तीन सकाळी गोल्फ, बाकीच्या सगळ्या घरच्यांच्या, हे निघायच्या आधीच बोलून घ्या, तिथे जाऊन बोललं की भांडण होतं.

मिस्टरांच्या बाजूनेही सांगते, कारण ते चुकीचं काही म्हणत नाहीयेत. निव्वळ गोल्फ बघितलं तर कॅरिबियनमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या तोडीचं काही नाही. ला रोमानाजवळ कासा दे कांपोमध्ये पीट डायचा टीथ ऑफ द डॉग आहे, १९७१ चा, सात होल अगदी समुद्राला चिकटून, किनाऱ्यावरच्या अणकुचीदार कोरल खडकाला तिथले कामगार कुत्र्याचे दात म्हणायचे त्यावरून नाव पडलं. पुंता कानाला टॉम फाझिओचा कोरालेस, जिथे २०१८ पासून पीजीए टूरची (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फची) स्पर्धा होते, आणि काप कानाला जॅक निक्लॉसचा पुंता एस्पादा. नेवार्कहून चार-सव्वाचार तासांत थेट पोचता. तुमची मुलं मोठी असती आणि बरोबर सासूबाई नसत्या तर मीही तेच म्हटलं असतं. पण तिथे बहुतेक रिसॉर्ट ऑल-इन्क्लुझिव्ह, दिवसभर बुफे, आणि स्पॅनिशमध्ये मांस नको सांगितलं तरी भातात हॅम किंवा चिकनचा स्टॉक निघतोच. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी फळं आणि पाव खाऊन कंटाळतील. मिस्टरांना म्हणावं चार मित्र गोळा करा आणि नोव्हेंबरअखेर लाँग वीकेंडला जाऊन या, तुम्ही मनापासून जाऊ द्या.

बार्बाडोसला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, तळमजल्यावरचं. सुपरमार्केटमध्ये डाळी, तांदूळ, भाज्या मिळतात, छोटा कुकर आणि मसाल्याचा डबा बॅगेत टाका. बाहेर रोटी मिळते, म्हणजे पातळ पोळीत बटाट्या-चण्याची करी गुंडाळलेली, त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या लोकांकडून सगळीकडे पसरलेली, ती सासूबाईंना आवडेल, फक्त मटण-चिकनवाली नाही ना हे विचारून घ्या. सासऱ्यांना कूकू आणि फ्लाइंग फिश खायला घाला, कूकू म्हणजे मक्याचं पीठ भेंडी घालून घोटलेलं. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला मासे भाजतात तिथेही न्या. मेनूवर दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, त्यामुळे आकडा बघून दचकू नका, आधी विचारा कुठल्या डॉलरमध्ये आहे.

आणि सासऱ्यांसाठी ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल! २९ जून २०२४ ला रोहितने टी-२० वर्ल्ड कप तिथेच उचलला आणि खेळपट्टीवरचं गवत तोंडात घातलं, ती जागा प्रत्यक्ष बघायला मिळेल. त्यांच्या पिढीला त्याहून जुनं आठवेल, १९७१ चा वाडेकरांच्या टीमचा दौरा, गावसकरांची पहिलीच सीरिज, चार टेस्टमध्ये ७७४ रन, त्यातलं नाबाद ११७ याच मैदानावरचं, आणि समोर कॅप्टन सोबर्स, जे बार्बाडोसचेच. रेडिओला कान लावून बसलेली माणसं आहेत ती. आत बघायला कधी सोडतात ते आधी फोन करून विचारा, सामना असला तर मग काय, सोनंच.

तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, मुलाच्या कपड्यांत मिलिटरीसारख्या छापाची चड्डी, टोपी, बॅग काहीही नको, बार्बाडोसमध्ये साध्या नागरिकांनी तसे कपडे घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनीसुद्धा. दोन, बीचवर मँचिनील नावाची झाडं असतात, हिरवी छोटी सफरचंदासारखी फळं, चीक अतिशय विषारी, बऱ्याच झाडांना लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी असते पण सगळ्यांना नाही, त्यामुळे मुलीला पहिल्याच दिवशी सांगा की खाली पडलेलं फळ उचलायचं नाही आणि पाऊस आला तर त्या झाडाखाली उभं राहायचं नाही. तीन, गाडी भाड्याने घेतलीत तर तिथे आपल्यासारखं डावीकडून चालवतात, मिस्टर इतकी वर्षं उजवीकडून चालवतायत, पहिला दिवस सावकाश. व्हिजिटर परमिट लागतं, गाडीवालेच काढून देतात.

बार्बाडोसला खोट काय? महाग आहे, आणि विमान बहुतेक जेएफकेहून घ्यावं लागेल, पाच तास धरा. सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा.

प्रश्न: ताई, माझा एच-वन-बी (कामाचा व्हिसा) चालू आहे पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय, बायको एच-फोरवर. भारतात गेल्याशिवाय स्टॅम्पिंग होणार नाही. मित्र म्हणतो अरुबाला जा, परत येताना अमेरिकन इमिग्रेशन तिथेच होतं, काही प्रॉब्लेम येत नाही. खरं का? मी नुकतंच गोल्फ शिकलोय, मुलगा ४ वर्षांचा.

उत्तर: नका जाऊ! अरुबाच्या विमानतळावर अमेरिकन अधिकारी बसतात हे खरं आहे, पण म्हणजे जे न्यूयॉर्कला विचारलं असतं तेच तिथे विचारतात, आणि स्टॅम्प नसेल तर तुम्ही विमानात न बसता तिथेच अडकाल. संपलेल्या स्टॅम्पवर परत येऊ देण्याची जी सवलत आहे ती कामाच्या व्हिसावाल्यांना फक्त कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या ट्रिपला लागू होते, बेटांची सवलत विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांना. हे वकिलाकडून पक्कं करून घ्या, पण चार वर्षांच्या मुलाला घेऊन हा धोका पत्करू नका.

तुम्ही पोर्तो रिकोला जा. ती अमेरिकाच आहे, विमान डोमेस्टिक, देश सोडलाच नाही. सॅन हुआनहून पूर्वेला रिओ ग्रांदे भागात राहा, तिथे टॉम काइटचे ग्रँड रिझर्व्हचे कोर्स आहेत, २००८ पासून पीजीए टूरची पोर्तो रिको ओपन त्याच ठिकाणी होते, आणि रिसॉर्टचे कोर्स असल्यामुळे नवशिक्यालाही सामावून घेतात. जवळच लुकिलोचा बीच, खडकांमुळे पाणी शांत, आणि एल युंकेचं पावसाचं जंगल, धबधबे, अगदी आपल्या आंबोलीची आठवण येईल इतकं ओलं हिरवं. फाहार्दोला रात्री पाणी निळं चमकतं ती लगून आहे, अमावास्येच्या जवळपासची तारीख घ्या, छोट्या मुलांना बोटीत घेतात का ते आधी विचारा. कागदपत्रं मात्र सगळी जवळ ठेवा, आय-७९७ ची (एच-वन-बी मंजुरीच्या नोटिशीची) प्रत सुद्धा. यूएस व्हर्जिन आयलंड्स पण अमेरिकेचेच, पण तिथून मेनलँडला परतताना इमिग्रेशनवाले कागद तपासतात, त्यामुळे तुमच्यासाठी पोर्तो रिकोच बरं.

प्रश्न: आम्ही ऑगस्टमध्ये जायचा विचार करतोय कारण निम्म्या दरात मिळतंय. चालेल का?

उत्तर: १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेनचा सीझन, आणि ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट, म्हणून तर निम्मा दर. जायचंच असेल तर अरुबा, ते खूप दक्षिणेला व्हेनेझुएलाजवळ आहे, वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर. गोल्फला तिएरा देल सोल हा एकच अठरा होलचा कोर्स, आजूबाजूला निवडुंग, वारा जबरदस्त, पण ईगल बीच इतका सुंदर आहे की न खेळणाऱ्यांची तक्रार येणार नाही. जमैकाचं विचाराल तर मोंटेगो बेजवळचे कोर्स मला फार आवडतात, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळाने बेटाच्या पश्चिमेचं प्रचंड नुकसान केलंय, त्यामुळे बुकिंगआधी हॉटेलला आणि कोर्सला वेगवेगळा फोन करा, काय सुरू आहे ते विचारा, सुरू असेल तर जरूर जा, तिथल्या माणसांना आत्ता पाहुणे हवेत.

प्रश्न: बाबांची साठी आहे, ते पुण्यात गोल्फ खेळतात. मुंबईहून कॅरिबियनला आठ दिवसांत जमेल का?

उत्तर: जमेल, पण जाण्यायेण्यातच जवळजवळ चार दिवस जातील. थेट विमान नाही, लंडनवरून गेलात तर ट्रान्झिट व्हिसाचं बघा, अमेरिकेवरून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्रिनिदादला पाय ठेवलात तर भारतात परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. आठच दिवस असतील तर मॉरिशसला जा असं मी अगदी मनापासून सांगेन. मुंबईहून थेट, भारतीयांना आधी व्हिसा नको, आणि ईल ओ सेर्फ नावाच्या छोट्या बेटावर बर्नहार्ड लँगरने बांधलेला कोर्स, बोटीने जायचं, बाबा खेळतील आणि तुम्ही त्याच बेटाच्या वाळूत बसाल. शिवाय तिथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी माणसं आहेत, गणपती बसवतात. साठी भाद्रपदाच्या आसपास येत असेल तर कळवा, तारखा बघून सांगते.